दारात अर्धे राहिलेले टेबल

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. खरे सांगायचे तर टेबलाचा अर्धा भाग आहे. मला दोनच पाय आहेत आणि माझी दुसरी बाजू भिंतीत ठोकलेल्या एका लाकडी पट्टीवर टेकलेली आहे. नवीन येणाऱ्या माणसाला वाटते, जागा वाचवण्यासाठी मला मुद्दाम असे बनवले असावे. तसे नाही, मित्रांनो. मी सहा माणसांचे टेबल होते. मी अर्धे कसे झाले, ते तुम्हाला सांगावे असे फार दिवस मनात आहे.

ज्या घरात माझा जन्म झाला, ते घर एका गवंड्याने बांधले होते. आपण त्यांना आजोबा म्हणू, कारण गोटी त्यांना आजोबा म्हणायची. गोटी म्हणजे त्यांची नात. तान्ही असताना ती गोलमटोल होती, म्हणून हे नाव आजोबांनीच ठेवले आणि तेच चिकटले. आजोबांनी उमेदीची सगळी वर्षे दुसऱ्यांची घरे बांधण्यात घालवली. स्वतःच्या घराची पहिली वीट ठेवली तेव्हा ते पन्नाशीला आले होते. आठवडाभर लोकांच्या भिंती आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या, असे करत चार वर्षांत दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर उभे राहिले.

त्यांचा एक सुतार मित्र होता. दारांच्या चौकटींसाठी आणलेल्या लाकडातून काही जाड फळ्या उरल्या. सुताराने त्या स्वयंपाकघरातच जमिनीवर मांडल्या, रंधा मारला, खिळा न वापरता लाकडी खुंट्या ठोकल्या आणि मला उभे केले. मग दोघांनी मिळून दाराची चौकट बसवली. चौकट बसल्यावर सुताराच्या लक्षात आले की मी त्या दारातून बाहेर निघू शकत नाही. उभे केले तरी नाही, आडवे केले तरी नाही. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

आजोबा हसले. "त्याला कुठं जायचंय? आम्ही इथं, तर ते पण इथंच."

मला ते ऐकून फार बरे वाटले होते.

पुढची तीस वर्षे मी एकाच जागी उभे होते आणि माझ्यासारखे सुखी टेबल शोधून सापडले नसते. आजोबांच्या मुलाने माझ्यावर पाढे पाठ केले. मोठा झाल्यावर त्याने चष्म्यांचे दुकान काढले. त्याचे लग्न झाले, गोटीची आई घरात आली, मग गोटी आली. गोटीचा पहिला दुधाचा दात माझ्याच कडेवर आपटून पडला आणि त्याबद्दल मार मात्र मला मिळाला. "या टेबलाला कळतच नाही," असे म्हणत आजोबांनी मला दोन चापट्या मारल्या, तेव्हा कुठे तिचे रडणे थांबले. पाहुणे आले की माझ्या फळीवर हात फिरवून म्हणायचे, "असं काम आता कोणी करत नाही." सुतार तोवर हयात नव्हता, पण आजोबा ते कौतुक त्याच्या वतीने ऐकून घ्यायचे.

गोटीचे बाबा, म्हणजे आमचे चष्मेवाले, रोज संध्याकाळी दुकानातून आले की जेवताना दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे. कोणी चष्मा डोक्यावर ठेवून तोच चष्मा दुकानभर शोधायचे, कोणी नंबर वाढला हे मान्यच करायचे नाही. आजोबा ठसका लागेपर्यंत हसायचे. आई म्हणायची, "अहो, आधी जेवू द्या त्यांना." जेवणापेक्षा त्या गोष्टींचीच भूक सगळ्यांना जास्त होती.

एका वर्षी बाबांनी काचा घासण्याचे नवे यंत्र घेतले. त्यासाठी घर बँकेकडे गहाण ठेवले. घर बाबांच्या नावावर आजोबांनीच करून दिले होते, त्यामुळे सही एकट्या बाबांचीच लागली. दुकान चांगले चालत होते, काळजी करण्यासारखे त्यात काही नव्हते. पण यंत्र आल्यावर तीनच महिन्यांत दुकानासमोरचा रस्ता पुलासाठी खणला गेला. दुकानाच्या दारापासून चार हातांवर उंच पत्रे उभे राहिले. सहा महिन्यांत होईल म्हणून सांगितलेले काम दोन वर्षे झाले तरी चालूच होते. पत्र्यांच्या मागे चष्म्याचे दुकान आहे हे ज्यांना माहीत होते, तेही धुळीतून वळसा घालून यायचा कंटाळा करू लागले.

हे सगळे मला नंतर कळले. तेव्हा एवढेच कळत होते की बाबांचा डावा हात जेवताना फळीखाली असतो आणि तो माझी कड घट्ट धरून ठेवतो. वर मात्र गोष्टी चालूच होत्या. उलट पूर्वीपेक्षा रंगायच्या.

"आज एक बाई आल्या," ते एकदा म्हणाले. "म्हणाल्या, चष्मा लावला की सगळं वाकडं दिसतं. बघतो तर काय, नवऱ्याचा चष्मा घालून आल्या होत्या. आणि नवरा घरी त्यांचा घालून पेपर वाचत बसलेला."

आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आले हसताना. "आणि त्याला सरळ दिसत होतं?"

"त्याला म्हणे बातम्याच वाकड्या वाटल्या."

सगळे हसत होते. फळीखाली बाबांची बोटे इतकी आवळली होती की नखे माझ्यात रुतत होती. त्या दिवशी दुकानात कोणीही आले नव्हते. ना ती बाई, ना दुसरे कोणी.

बँकेची पत्रे दुकानाच्या पत्त्यावर यायची, म्हणून घरात कोणाला पत्ता नव्हता. घर ताब्यात घेणार असल्याचा शेवटचा कागद मात्र घरी आला. सकाळचे दहा वाजले असतील. आजोबा फिरायला गेले होते, गोटी शाळेत होती. एक माणूस आला, दारावर कागद चिकटवू लागला. आईने तो त्याच्या हातातून मागून घेतला. भांडली नाही, रडली नाही. आत आली, खुर्चीवर बसली आणि कागद माझ्यावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. चुलीवरची भाजी करपल्याचा वास आला तरी ती उठली नाही.

बाबा दुपारी जेवायला आले. तिने कागद त्यांच्या ताटात ठेवला.

"किती दिवस माहीत आहे तुम्हाला?"

"सहा महिने झाले."

"आणि रोज संध्याकाळी कोणाकोणाचे चष्मे करत होता?"

बाबा कागदाची घडी घालू लागले. आई म्हणाली, "मी पण हसत होते हो. रोज हसत होते मी."

मग दोघांनी मिळून काय काय करता येईल ते सगळे केले. यंत्र विकले. आईने अंगावरचे होते नव्हते ते विकले. बँकेत चार चकरा झाल्या. साहेब भले होते, पण त्यांच्या हातात फार काही नव्हते. मुदत दोनदा वाढली आणि तिसऱ्यांदा वाढली नाही. बँकेने घर विकले.

आता प्रश्न उरला आजोबांचा. त्यांना हृदयाचे दुखणे झाले होते आणि डॉक्टरांनी त्यांना धक्का बसेल असे काही सांगू नका म्हणून बजावले होते. बाबा म्हणाले, "अण्णांना सांगू, घर दुरुस्तीला काढलंय. दोन महिने भाड्यानं राहायचं. पुढचं पुढे बघू."

"त्यांनी बांधलंय हे घर," आई म्हणाली. "त्यांना कळणार नाही, असं वाटतं तुम्हाला?"

"कळेपर्यंत तरी जगतील."

आईला हे पटले नव्हते, पण तिने मान हलवली. गोटी स्वयंपाकघराच्या दारात दप्तर घेऊन उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती दहा वर्षांची होती. बाबांनी तिला जवळ घेतले आणि म्हणाले, "आजोबांना काही बोलायचं नाही हं." मित्रांनो, घर गेल्याचे दुःख मोठे असतेच. पण दहा वर्षांच्या मुलीला ते लपवायलाही सांगितले, तर ते तिला पेलेल का, हे त्या दिवशी कोणी विचारलेच नाही.

आजोबा मात्र दुरुस्तीचे ऐकून खूष झाले. कितीतरी वर्षांनी त्यांना कोणी त्यांच्या कामातले विचारत होते. दुसऱ्या दिवशी ते भिंत उभी सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा आणि फरशी सपाट आहे का ते पाहायची पाणसळ घेऊन घरभर फिरले. मग गोटीला माझ्यापाशी बसवले आणि म्हणाले, "वही काढ. मी सांगतो, तू लिही. तुझ्या बाबाला यातलं काही कळत नाही, मजूर त्याला फसवतील."

गोटीने वही काढली.

"लिही. मागच्या भिंतीला खालून ओल आहे. नुसता गिलावा करून चालणार नाही, आधी जुना खरवडायचा. लिहिलंस?"

"हो."

"खिडकीच्या वरचा कोपरा. तिथं बारीक चीर आहे. ती माझीच चूक. त्या दिवशी तुझ्या आजीला बरं नव्हतं, मी घाईत काम उरकलं. लिही, तो कोपरा पुन्हा करायचा."

गोटी पेन्सिल इतकी दाबून लिहीत होती की अक्षरे कागदातून माझ्या लाकडात उतरत होती. ओल, चीर, कोपरा. आजोबांनी एकूण सतरा कामे सांगितली. सतराव्या कामाला ती म्हणाली, "आजोबा, माझं पोट दुखतंय," आणि उठून गेली. पोट खरेच दुखत असावे. त्यानंतर कितीतरी दिवस ते दुखत राहिले. आईने दोनदा औषध आणले. डॉक्टरांना काही सापडले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आईने सगळ्या फरश्या घासून काढल्या. बाबा म्हणाले, "कशाला आता? ते लोक येऊन तोडफोडच करतील."

"घाण ठेवून जायचं का आपण?" आई म्हणाली आणि स्वयंपाकघराचा कोपरा पुन्हा एकदा घासला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. कपाट गेले, पलंग गेले, भांड्यांची पोती गेली. शेवटी टेम्पोवाला आणि बाबा माझ्यापाशी आले. मला उचलले, दारापर्यंत नेले, उभे केले, आडवे केले, तिरके केले. मला ठाऊकच होते. बाबांनाही ठाऊक असायला हवे होते, पण त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात काहीच राहत नसे.

आजोबा अंगणात खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "अरे, ते निघायचं नाही. राहू दे ना तिथंच. दोन महिन्यांनी यायचंच आहे आपल्याला. वर एक चादर टाक म्हणजे झालं."

बाबा तसेच उभे राहिले. घर रिकामे करून द्यायचे होते. आत काहीही राहता कामा नये, असे कागदावर लिहिले होते.

टेम्पोवाल्याला घाई होती आणि त्याला यातले काही माहीत नव्हते. तो म्हणाला, "साहेब, इथं राहिलं तर नवीन मालक फेकून देणार. पाहिजे असेल तर कापा, नाहीतर सोडा."

गोटी आजोबांच्या खुर्चीमागे उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. आजोबांनी टेम्पोवाल्याकडे पाहिले, मग आईकडे, मग बराच वेळ आपल्या मुलाकडे. बाबा मान वर करेनात. ते आत गेले, आजोबांच्या हत्यारांच्या पेटीतून करवत काढली आणि माझ्या फळीच्या मधोमध चालवू लागले. त्यांना करवत धरता येत नव्हती. ती अडकत होती, वाकडी जात होती.

आजोबा उठले. हळूहळू चौकटीपाशी आले. मला वाटले, आता हा म्हातारा इथेच कोसळणार. पण ते एवढेच म्हणाले, "जोर लावू नको. तिचा भार तिलाच पडू दे. सरक, दुसऱ्या बाजूनं मी धरतो."

आणि मित्रांनो, ज्यांनी मला आपल्या दारातून कधी बाहेर काढायचे नाही असे ठरवले होते, त्यांनीच मला एका बाजूने धरून ठेवले, फळी चिरू नये म्हणून. भुसा त्यांच्या पायांवर पडत राहिला. काम झाल्यावर आजोबांनी हात झटकले आणि विचारले, "कुठला अर्धा घेणार?"

एक अर्धा टेम्पोवाल्याने ठेवून घेतला आणि भाडे थोडे कमी केले. दुसरा, म्हणजे मी, नव्या जागी आले.

नवी जागा म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. दिवसभर खालून हवा भरण्याचा आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायचा. आजोबांनी पहिल्याच दिवशी पाणसळ लावून भिंतीत पट्टी ठोकली आणि मला तिच्यावर टेकवले. मी पूर्वीसारखे सपाट उभे राहिले. बाकी मात्र पूर्वीसारखे काही राहिले नाही.

बाबांनी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी धरली. घरी आल्यावर ते माझ्यापाशी बसत नसत. ओट्याजवळ उभ्याउभ्या चार घास खायचे आणि आडवे व्हायचे. आई एका इस्पितळात कपडे धुण्याच्या विभागात जाऊ लागली. तिच्या हातांना साबणाने भेगा पडल्या होत्या, म्हणून मला पुसताना ती फडके दोन बोटांत धरायची. गोटीने शाळेत पत्ता बदलून दिला नाही. मैत्रिणींना जुन्या घराच्या वळणापर्यंत सोबत करायची आणि त्या दिसेनाशा झाल्या की उलट पावली चालत यायची. रोज अर्धा तास उशीर का होतो, हे तिला कोणी विचारले नाही. त्या खोलीत आता कोणी कोणाला काही विचारत नसे. प्रत्येकाला वाटायचे, आपण बोललो तर समोरचा मोडेल.

दुरुस्तीचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. आजोबांनीही नाही. ते रोज सकाळी फिरायला जायचे, बागेत जातो म्हणून सांगायचे.

पाच-सहा महिने असेच गेले. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळे घरात असताना आजोबा परत आले आणि माझ्यापाशी बसले. चेहरा लाल झाला होता.

"नवी खिडकी काढलीय त्यांनी," ते म्हणाले. "मागच्या भिंतीला."

"कोणी, अण्णा?" आईने विचारले, पण तिला कळले होते.

"पावसाची झड नेमकी त्याच बाजूनं येते. अख्खी खोली भिजेल. मी जुन्या घरी त्यांना सांगायला गेलो. त्यांनी पाणी दिलं प्यायला. चांगली माणसं आहेत. पण म्हणाले, आजोबा, तुम्ही कोण?"

एवढे बोलून त्यांनी दोन्ही तळहात माझ्यावर पालथे ठेवले आणि ते रडू लागले. मी त्यांना तीस वर्षांत रडताना पाहिले नव्हते. आजी गेली तेव्हाही नाही.

बाबा ओट्यापाशी उभे होते. ते आले आणि कितीतरी महिन्यांनी खुर्ची ओढून बसले. "अण्णा, चुकलं माझं. तुमचं घर घालवलं मी."

"घर गेलं ते गेलं," आजोबा म्हणाले. "रस्ता काय तू खणलास? पण तू मला सांगितलं का नाहीस? सहा महिने माझ्यासमोर बसून जेवत होतास. ती नवऱ्याचा चष्मा घालून आलेली बाई... तीही खोटी?"

"हो."

"मी किती हसलो होतो रे तिला." आजोबांनी डोळे पुसले. "तू आत जळत होतास आणि मी समोर बसून हसत होतो. बाप म्हणून मला काय वाटत असेल? माझं हृदय अधू आहे, कान तर नाहीत ना? मला परकं केलंस तू."

तेव्हा गोटी बोलली. कोपऱ्यात बसून, भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "मला पण माहीत होतं. मी खोटी यादी लिहिली." आणि मग तिला हुंदका आवरेना. आईने तिला उचलून मांडीवर घेतले. एवढी मोठी मुलगी, पण तिने घेतले. आजोबा म्हणाले, "यादी खोटी नव्हती, गोटे. कामं सगळी खरीच होती." ते ऐकून ती आणखीच रडली.

त्या दिवशी जेवण गार झाले आणि संध्याकाळी तेच गार जेवण चौघांनी माझ्यावर बसून खाल्ले. कोणी गोष्ट सांगितली नाही. पण कोणी उभ्यानेही जेवले नाही.

यापुढे सगळे सुरळीत झाले असे तुम्हाला सांगता आले असते तर मला आवडले असते. तसे झाले नाही. आजोबांना त्यानंतर जेमतेम एक वर्ष मिळाले. त्यांनी त्या खोलीला कधी घर म्हटले नाही, 'वरची खोली' म्हणायचे. एके सकाळी फिरायला जायला निघाले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले, ते बसलेच. जुने घर परत मिळाले नाही, मिळणारही नाही. बाबा अजून नोकरीच करतात. रस्त्यावरचा पूल पूर्ण झाला आहे आणि त्यांची बस त्यावरूनच जाते.

मात्र त्या दुपारपासून या खोलीत एक गोष्ट बदलली. बाबांची नोकरी मध्ये एकदा गेली, तेव्हा त्यांनी घरात पाऊल टाकल्याटाकल्या सांगितले. गोटीच्या शाळेची फी भरायला उशीर होणार होता, तेव्हा तिला समोर बसवून सांगितले. ती रुसली, मग म्हणाली, "बरं." तिचे पोट आता दुखत नाही. शाळेत तिने नवा पत्ता दिला आहे. परवा पहिल्यांदाच एक मैत्रीण वर आली, माझ्यावर वही ठेवून दोघींनी गणिते सोडवली आणि माझ्या कापलेल्या कडेबद्दल तिने काही विचारले नाही.

मित्रांनो, टेबलाची काळजी घ्या, त्यावर रेघोट्या ओढू नका, असे मी तुम्हाला सांगेन असे तुम्हाला वाटले असेल. ओढा खुशाल. लाकडाला त्याचे फार काही होत नाही. माझे मागणे निराळे आहे. तुमच्या वर्गात कोणी आपल्या घराचा विषय टाळत असेल, तर त्याला खोदून विचारू नका, नुसते त्याच्यासोबत चालत जा. आणि तुमच्या स्वतःच्या घरी जेवताना कोणी जास्तच हसवू लागले किंवा एकाएकी गप्प झाले, तर मात्र ताट बाजूला सारा आणि विचारा, काय झाले. पहिल्यांदा 'काही नाही' असेच उत्तर येईल. तरी उठू नका. बसून राहा.